उठणं, उठवणं आणि राजारामपुरीतला स्पॅनिशचा क्लास

राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर हा क्लास चालतो. बाहेर पाटी नाही. कंपनीतल्या एका मुलीनं सांगितलं म्हणून मला कळला. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ, असे तीन महिने जाऊन मी पहिला टप्पा पूर्ण केला. फी 7,500 रुपये, दोन हप्त्यांत. बॅचमध्ये आठ जण. कोल्हापुरात स्पॅनिश शिकायचं म्हटलं की लोक ‘पुण्याला जा, नाहीतर ऑनलाइन कर’ म्हणतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. त्यातही आत्मवाचक क्रियापदांच्या, म्हणजे उठणं, न्हाणं अशी स्वतःवरच होणारी कामं सांगणाऱ्या क्रियापदांच्या, एकाच धड्याबद्दल जास्त लिहिणार आहे. तो धडा मला दीड वर्ष येत नव्हता, आणि या मॅडम कशा शिकवतात ते त्या एका धड्यात पुरतं दिसतं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत निर्यातीची कागदपत्रं बघते. आमचं काही कास्टिंग मेक्सिकोला जातं. आठवड्यातून एकदा रात्री नऊला फोन असतो. आमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ. तिकडच्या खरेदी विभागातल्या बाई इंग्रजी बोलतात, पण मोजून मापून. त्यांच्या भाषेत दोन शब्द बोललं की आवाज लगेच मोकळा होतो, हे मला पहिल्याच ‘ब्वेनोस दियास’ला (सुप्रभात) जाणवलं. तेव्हा मी एक ऑनलाइन कोर्स घेतला, 4,000 रुपये भरून. त्यात आत्मवाचक क्रियापदांचा धडा असा होता: एक तक्ता, सहा ओळी, खाली गाळलेल्या जागा, उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण. मी तक्ता पाढ्यासारखा पाठ केला. मे लेवांतो, ते लेवांतास, से लेवांता, नोस लेवांतामोस, ओस लेवांताइस, से लेवांतान. मी उठते, तू उठतेस, ती उठते, आम्ही उठतो, तुम्ही उठता, त्या उठतात. शंभरपैकी शंभर हिरव्या खुणा.

एकदा फोनवर त्या बाईंनी विचारलं, इतक्या रात्री तुम्ही जाग्या असता, मग सकाळी उठता किती वाजता? मी म्हणाले, ‘लेवांतो आ लास सिंको.’ पाचच्या सुमाराला उठते, असं मला म्हणायचं होतं. त्यांनी जरा थांबून विचारलं, ‘के लेवांतास?’ म्हणजे, काय उचलता?

मी ‘मे’, म्हणजे ‘मला, स्वतःला’, विसरले होते. बाईंनी चेष्टा केली नाही, त्यांना खरंच वाटलं की पहाटे पाचला मी काहीतरी वजन उचलत असेन. आणि त्यांचं चुकलं असंही नाही. पहाटे पाचला मी आत्तींना उठवते. (आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात.) दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. त्यांना उठवून बसवणं, न्हाऊ घालणं, केस विंचरणं, हे माझं पहाटेचं काम. ते सांगायला तेव्हा माझ्याकडे स्पॅनिश शब्द नव्हते, म्हणजे शब्द होते, पण कुठं ‘मे’ लावायचं आणि कुठं नाही हे माहीत नव्हतं. हिरव्या खुणांनी ते शिकवलं नव्हतं.

आता क्लासबद्दल. मॅडम तिशीतल्या आहेत, पुण्यात शिकून दोन वर्षं स्पेनमध्ये राहून आलेल्या. या धड्याच्या दिवशी त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची दोन्ही हातांनी वर उचलली आणि म्हणाल्या, ‘लेवांतो ला सिया.’ खुर्ची खाली ठेवली, तिच्यावर बसल्या, मग उठल्या. ‘मे लेवांतो.’ मग मराठीत विचारलं, मी पहिल्यांदा काय केलं? आम्ही म्हणालो, खुर्ची उचलली. दुसऱ्यांदा? उठलात. त्या म्हणाल्या, ‘स्पॅनिश माणसाच्या मते मी दोन्ही वेळा उचललंच. एकदा खुर्चीला, एकदा मला.’

त्यानंतर फळ्यावर मराठी शब्द आले. उठणे, उठवणे. बसणे, बसवणे. निजणे, निजवणे. जागणे, जागवणे. मराठीत मूळ शब्द स्वतःपुरता असतो. दुसऱ्याला करायचं झालं की मध्ये एक ‘व’ घुसतो आणि शब्द लांब होतो. स्पॅनिशमध्ये बरोबर उलटं. त्यांचा मूळ शब्द ‘लेवांतार’ म्हणजेच उठवणे किंवा उचलणे. तिथून ‘उठणे’पर्यंत यायचं तर त्यांना शेपूट जोडावं लागतं: लेवांतार्से. आपल्याकडे दुसऱ्याला करताना शब्द वाढतो, त्यांच्याकडे स्वतःला करताना. मी ‘मे’ का विसरत होते ते त्या क्षणी कळलं. माझ्या मराठी मनाला ‘उठते’मध्ये काहीच कमी वाटत नाही. तिथं स्वतःला वेगळं दाखवायची गरजच नाही.

दीड वर्ष मी तक्त्याच्या मागं लागले होते आणि अडचण तक्त्यात नव्हतीच.

काही शब्दांना मराठीतही ‘व’ लागत नाही. धुणे, पुसणे, विंचरणे. ‘केस विंचरते’ म्हटलं तर कुणाचे ते वेगळं सांगावं लागतं किंवा ऐकणाऱ्यानं ओळखायचं. स्पॅनिशमध्ये ते एका बारक्या शब्दानं कळतं. ‘मे पेइनो’ म्हणजे माझे केस विंचरते. ‘ला पेइनो’ म्हणजे तिचे. बाकी क्रियापद तेच, जसंच्या तसं. हे ऐकल्यावर मी वहीत पहिल्यांदा ‘ला पेइनो’ लिहिलं, ‘मे पेइनो’ नंतर. माझ्या दिवसाचा क्रमही तोच आहे.

इथं आणखी एक गोष्ट मॅडमनी सहज सांगितली, आणि ती मला कुठल्याच ॲपमध्ये सापडली नव्हती. ‘लेवांतो ला सिया’मध्ये खुर्चीला काही लागत नाही, पण सासूला उठवते म्हणताना ‘लेवांतो आ मी सुएग्रा’, मध्ये ‘आ’ येतो. कारण माणूस आहे. मग त्यांनी आम्हाला आमचीच भाषा ऐकवली: आपण ‘खुर्ची उचलते’ म्हणतो, ‘खुर्चीला उचलते’ असं नाही, पण ‘सासूला उठवते’, ‘पोराला उठवते’ म्हणतो. माणसाला ‘ला’, वस्तूला नाही. त्यांचा ‘आ’ आणि आपला ‘ला’ एकच काम करतात. इंग्रजीतून शिकलं तर या ‘आ’साठी वेगळा नियम पाठ करावा लागतो. मराठीतून शिकलं तर तो नियम आधीपासून तोंडात असतो.

हात धुण्याचंही तसंच. ‘मे लावो लास मानोस.’ शब्दशः पाहिलं तर ‘मला धुते ते हात’. इंग्रजीच्या सवयीनं बॅचमधला एक मुलगा तिथं ‘माझे’ घालत होता, ‘मिस मानोस’ म्हणत होता. मॅडमनी त्याला विचारलं, घरी आईला काय सांगतोस, ‘माझे हात धुऊन येतो’ की ‘हात धुऊन येतो’? तो गप्प बसला. ‘मे’नंच सांगितलं की हात कुणाचे, परत ‘माझे’ कशाला?

आता चुकांबद्दल, कारण या क्लासचा माझ्या मते सगळ्यात मोठा गुण म्हणजे मॅडम चुकीचं वाक्य लगेच खोडत नाहीत, त्याचा अर्थ काय झाला ते सांगतात. आमच्या बॅचमध्ये तीन चुका सगळ्यांच्या होत होत्या.

पहिली, सगळीकडे ‘से’ लावणं. ‘नोस लेवांतामोस’च्या जागी ‘से लेवांतामोस’. मराठीत ‘स्वतः’ कुणालाही चालतो: मी स्वतः, तू स्वतः, आम्ही स्वतः. शब्द बदलतच नाही. शिवाय शब्दकोशात क्रियापद ‘से’ लावूनच छापलेलं असतं, त्यामुळे ते डोक्यात घट्ट बसतं. स्पॅनिशमध्ये ते माणसागणिक फिरतं. दुसऱ्या क्रियापदाच्या मागं आलं तरी फिरतं. मला उठायचं आहे, म्हणजे ‘किएरो लेवांतार्मे’. शेपटाला ‘मे’ हवं, ‘किएरो लेवांतार्से’ म्हटलं तर चूक. किंवा ‘मे’ पुढं आणायचं, ‘मे किएरो लेवांतार’. दोन्ही चालतं, पण मधोमध, दोन क्रियापदांच्या बेचक्यात मोकळं ठेवायचं नाही.

दुसरी चूक मला फार आवडली, म्हणजे तिचा उलगडा आवडला. एक मुलगी म्हणाली, ‘मे लेवांता.’ आधीचा शब्द बरोबर, क्रियापदाचा शेवट चुकलेला. मॅडम म्हणाल्या, हे वाक्य चूक नाही, फक्त तुझं नाही. ‘मे लेवांता’ म्हणजे कुणीतरी मला उठवतं. तुझी आई तुला उठवते ना? मग ‘मी मामा मे लेवांता’ म्हण, एकदम बरोबर. मुलगी म्हणाली, हो, आईच उठवते. म्हणजे आधीचा शब्द सांगतो कुणाला, आणि क्रियापदाचा शेवट सांगतो कुणी. दोन्ही एकाच माणसाचे असले तरच ते स्वतःचं काम. या एका उलगड्यावर तक्त्यातल्या सहाही ओळी उभ्या राहतात, आणि पाठ करायचं ओझं निम्मं होतं.

तिसरी चूक नकाराची. मराठीत नकार शेवटी येतो, ‘उठत नाही’. त्यामुळे आम्ही ‘नो’ कुठंही टाकत होतो. ‘नो मे लेवांतो’, हा एकच क्रम. नकार, मग ‘मे’, मग क्रियापद, आणि या तिघांच्या मध्ये चौथ्याला जागा नाही.

आमच्या बॅचमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. शाळेत मी संस्कृत घेतलं होतं, त्यांनीही. मॅडम फळ्यावर मे, ते, नोस, ओस लिहीत होत्या आणि काका मागून हळूच म्हणाले, ‘मे, ते, नः, वः.’ मला एकदम नववीचा वर्ग दिसला. अस्मद् आणि युष्मद् (संस्कृतातले ‘मी’ आणि ‘तू’) चालवताना जी छोटी रूपं कंसात पाठ करायचो, तीच ही. ‘नमस्ते’मधला ‘ते’ म्हणजे ‘तुला’. स्पॅनिशमधला ‘ते’ही तोच. ‘नः’ आणि ‘नोस’, ‘वः’ आणि ‘ओस’. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘ओस’च्या जागी ‘वोस’ होतं, म्हणजे ‘वः’च्या आणखी जवळ. आणि ‘से’ आपल्या ‘स्व’च्या घराण्यातलं. संस्कृत आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं भाषाभ्यासक विल्यम जोन्सनं 1786 मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढं मांडलं होतं, हे काकांनीच सांगितलं. परस्मैपद आणि आत्मनेपदाची आठवणही त्यांनीच करून दिली: पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो ते ‘यजति’, स्वतःसाठी करतो ते ‘यजते’. मॅडमना हे नवीन होतं. त्यांनी खडू काकांच्या हातात दिला आणि स्वतः बाकावर येऊन बसल्या. शिकवणाऱ्यानं असं करणं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

प्रत्ययांतही ही नातीगोती दिसतात. पठामः, लेवांतामोस. पठन्ति, लेवांतान. आणि ‘तू’चा ‘स’ तर मराठीत अजून जिवंत आहे. तू उठतेस, ते लेवांतास. तू न्हातेस, ते बान्यास. हा ‘स’ मी एकदाही चुकवला नाही.

‘ओ’चं मात्र खास कोल्हापूरचं आहे. आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना ‘मी उठतो, मी आलो, मी जातो’ म्हणतो. लिहिताना मी इथं ‘उठते’ लिहिते आहे, ती शाळेची सवय. घरात, बाजारात, बहिणीशी ‘उठतो’च. क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात मी सहज म्हणाले, ‘मी साडेचारला उठतो ओ मॅडम.’ नाशिकहून आलेला एक मुलगा चकित होऊन बघायला लागला. मॅडम म्हणाल्या, तिचं स्पॅनिश तुझ्याआधी तयार होणार. स्पॅनिश क्रियापद बाई आहे की पुरुष हे बघत नाही. ‘मे लेवांतो’ दोघांचंही. आणि वर्तमानकाळात ‘मी’चा शेवट बहुतेक वेळा ‘ओ’. उठतो, लेवांतो. न्हातो, बान्यो. विंचरतो, पेइनो. पुण्याच्या नातेवाइकांत ज्या ‘तो’मुळे मला दर वेळी दुरुस्त केलं जायचं, तो इथं उपयोगी पडला. मला त्याचा आनंद झाला, आणि तो मी लपवणार नाही.

‘एर’ आणि ‘इर’वाली, म्हणजे ‘लेवांतार’सारखी ‘आर’नं न संपणारी, क्रियापदं मॅडमनी भराभर घेतली, आणि ते योग्यच होतं. समोरचे मे-ते-से बदलत नाहीत, फक्त शेवटातला स्वर बदलतो. ‘आत्रेवेर्से’, धाडस करणे: मे आत्रेवो, ते आत्रेवेस, से आत्रेवे, नोस आत्रेवेमोस, ओस आत्रेवेइस, से आत्रेवेन. ‘आबुर्रिर्से’, कंटाळणे: मे आबुर्रो, ते आबुर्रेस, से आबुर्रे, नोस आबुर्रिमोस, ओस आबुर्रीस, से आबुर्रेन. पाऊण तासात संपलं.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. मोठी तक्रार झेरॉक्स करून दिलेल्या कागदाची. त्यावर दिनक्रमाची चौदा क्रियापदं एकाखाली एक दिली होती आणि त्यात सरळ चालणारी आणि वाकडी चालणारी यांची मिसळ होती. लेवांतार्से, बान्यार्से, पेइनार्से, लावार्से ही सरळ. पण मध्येच देस्पेर्तार्से, जागं होणे. त्याचं ‘मे देस्पिएर्तो’ होतं, मधला स्वर फुटतो, आणि ‘नोस देस्पेर्तामोस’मध्ये परत पहिल्यासारखा होतो. आकोस्तार्से, आडवं होणे: ‘मे आकुएस्तो’. वेस्तिर्से, कपडे घालणे: ‘मे विस्तो’. पहिल्याच आठवड्यात हे समोर आल्यावर दोन जणांना वाटलं की नियमच नाही, सगळं पाठ करायचं, आणि त्यातला एक जण पुढच्या आठवड्यापासून आलाच नाही. आधी पंधरा दिवस फक्त सरळ क्रियापदं द्यायला हवीत. उठणे, न्हाणे, विंचरणे, हात धुणे, दाढी करणे, एवढ्यावर सकाळ निघते. मी मॅडमना हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. नव्या बॅचला कागद बदलला का, ते पुढच्यांनी इथं लिहावं.

दुसरी तक्रार ‘ओस लेवांताइस’वर गेलेल्या वेळाची. हे अनेकवचनी ‘तुम्ही’ स्पेनमध्ये रोजचं आहे, पण मेक्सिकोत आणि बाकी लॅटिन अमेरिकेत त्या जागी ‘उस्तेदेस’ येतं आणि क्रियापद ‘से लेवांतान’च राहतं. आदरार्थी एकवचन ‘उस्तेद’सुद्धा ‘से लेवांता’. म्हणजे माझ्यासारखीला पाचच रूपं बोलायला पुरतात, सहावं ओळखता आलं तरी बास. मॅडम स्पेनमध्ये राहिलेल्या, त्यामुळे त्यांचा कल तिकडचा. ज्यांना माद्रिदला जायचं आहे त्यांना तो फायद्याचा. मला मात्र मेक्सिकोची विचारपूस करत राहावी लागली.

विचारलं की उत्तर मिळतं, हेही सांगायला हवं. मी विचारलं, आमच्या घरी शॉवर नाही, बादली आणि तांब्या, मग ‘दुचार्से’ म्हणू की ‘बान्यार्से’? त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही, पुढच्या तासाला शोधून आल्या. स्पेनमध्ये शॉवरखाली अंघोळ म्हणजे ‘दुचार्से’, मेक्सिकोत अंघोळ कशीही करा, ‘बान्यार्से’ चालतं. आणि बादलीतून तांब्यानं पाणी घेऊन अंघोळ करण्याला मेक्सिकोत वेगळा शब्दप्रयोगच आहे: ‘बान्यार्से आ हिकारासोस’. हिकारा म्हणजे भोपळ्याच्या कवचाचं भांडं, त्यानं पाणी घेत घेत न्हायचं. इतक्या लांबच्या देशात आमच्या मोरीसाठी शब्द तयार आहे, हे मला फार जवळचं वाटलं.

पहिला टप्पा संपताना प्रत्येकानं आपली सकाळ स्पॅनिशमध्ये सांगायची होती. बाकीच्यांची सकाळ ‘मे’नं भरलेली. मे लेवांतो, मे बान्यो, मे पेइनो. माझी वही मॅडमनी वाचली तेव्हा त्यात ‘मे’ दोनच होते. ‘मे लेवांतो आ लास क्वात्रो इ मेदिया.’ साडेचारला उठते. ‘मे बान्यो.’ त्यापुढं सगळं ‘ला’. ला लेवांतो, ला बान्यो, ला पेइनो. त्यांना वाटलं मी गोंधळले, म्हणून त्यांनी ‘ला’वर पेन्सिलीनं गोल काढले आणि विचारलं. मी सांगितलं की गोंधळ नाही, आत्ती आहेत. त्यांनी सगळे गोल खोडरबरानं पुसले.

सराव मी घरी आत्तींबरोबरच करत होते. फणी हातात घेतली की ‘ला पेइनो’ म्हणायचं, त्यांच्यासमोर. त्यांनी एकदा विचारलं, ‘काय गं म्हणतीस हे?’ मी सांगितलं, तुमची वेणी घालतो म्हणतो. आणि तू तुझी घालताना? मे पेइनो. ‘आणि मी माझी घालताना?’ मी म्हणाले, तुम्ही म्हणायचं, मे पेइनो. त्यांनी म्हणून पाहिलं. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड येतात, पण ‘पेइनो’ स्वच्छ आलं.

व्यवहाराचं थोडं राहिलं. पैसे ऑनलाइन चालतात, पावती मागितली तर देतात. जिना अरुंद आहे आणि पहिल्या वळणावर कठडा नाही, वयस्कर माणसांनी सांभाळावं. खाली दुचाकी लावायला जागा मिळते, चारचाकीला नाही. पावसाळ्यात दोन तास रद्द झाले, ते भरून दिले. ऐकण्याच्या सरावाला लावलेला स्पीकर खराब आहे. परीक्षा देण्याचा विचार असेल तर इथल्या पहिल्या टप्प्यावर तेवढी तयारी होत नाही, तसं त्या स्वतःच सांगतात. दुसरा टप्पा दिवाळीनंतर सुरू होतो, मी नाव दिलं आहे.

मागच्या आठवड्यात रात्री नऊला फोन होता. त्या बाईंनी मी कशी आहे विचारलं आणि मी न अडखळता म्हणाले, ‘मे लेवांतो आ लास क्वात्रो इ मेदिया, इ आ लास सिंको लेवांतो आ मी सुएग्रा.’ साडेचारला उठते आणि पाचला सासूला उठवते. पलीकडं थोडा वेळ काही आवाज नाही. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, सासूबाई कशा आहेत?

त्याच सकाळी आत्तींनी फणी माझ्या हातातून डाव्या हातानं घेतली होती आणि पुढचे केस स्वतः सारखे केले होते. मागचे जमले नाहीत, ते मी केले.

‘या से पेइना सोला,’ मी म्हणाले. आता त्या आपले केस स्वतः विंचरतात.

‘के ब्वेनो,’ म्हणजे छान झालं, फोनवरच्या बाई म्हणाल्या, आणि मग आम्ही कंटेनरच्या तारखेवर आलो.